बाळाला अंगाशी बांधायचं, पण सैल की घट्ट?

गेल्या महिन्यात घरच्याच एका लग्नात, कार्यालयाच्या जिन्यापाशी चुलतभावाची सून भेटली. सहा आठवड्यांचं बाळ तिने एका खांद्यावरून तिरक्या अडकवलेल्या झोळीत घेतलं होतं. झोळी पिशवीसारखी, पार कमरेपर्यंत उतरलेली, आणि ऊन-वारा लागू नये म्हणून वरून पदर. "शांत झोपलाय," ती म्हणाली. मी पदर बाजूला केला. बाळ आत वळकटीसारखं दुमडलं होतं. हनुवटी छातीला टेकलेली, आणि प्रत्येक श्वासाला बारीक घुरघुर. मी दोन बोटांनी हनुवटी जरा वर उचलली. घुरघुर लगेच थांबली.

बाळाला बाहेर काढून आम्ही खुर्चीवर बसलो. ती घाबरली होती, पण तिचा प्रश्न अगदी रास्त होता. "आत्या, मी मुद्दाम सैल ठेवलं होतं. घट्ट बांधलं तर गुदमरेल ना तो?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्याला कोंडल्यासारखं झालं की आपण कॉलरचं बटण सोडतो. म्हणून घरातलं प्रत्येक मायाळू माणूस सांगतं, "सैल कर, त्याला मोकळं वाटू दे." पण कापडात बांधलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत नेमका हाच मोकळेपणा घात करू शकतो. कसा, ते सावकाश समजून घेऊ.

स्लिंग म्हणजे नेमकं काय?

बाळाला अंगाशी बांधून हात मोकळे ठेवायचं साधन म्हणजे स्लिंग किंवा कॅरिअर. एक प्रकार लांब कापडाचा, त्याला रॅप म्हणतात. साधारण साडेचार-पाच मीटर, म्हणजे सहावारीपेक्षा थोडं आखूड. ते अंगाभोवती गुंडाळून गाठ मारायची. दुसरा रिंग स्लिंग. यात कापडाचं एक टोक खांद्यावरच्या दोन कड्यांतून ओढून घट्ट करता येतं. तिसरा कॅरिअर, पट्टे आणि बकल असलेला, दप्तरासारखा पण पुढे घ्यायचा.

चौथा प्रकार पिशवीचा. तळाला खोलगट, वर चुण्या किंवा इलॅस्टिक, आणि बाळ आत आडवं. दिसायला हाच सगळ्यात उबदार. लग्नात मी पाहिला तो हाच. तान्ह्या बाळासाठी हा प्रकार घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी तिन्ही नीट वापरले तर उत्तम.

बाळाची मान आणि श्वासाची वाट

नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं. आपलं त्या मापाचं असतं, तर साडेपाच फुटी माणूस सव्वा-दीड फुटांचं डोकं सांभाळत फिरला असता. एवढ्या डोक्याचा भार पेलणारी मान मात्र अजून लोण्यासारखी. बाळ 'मान धरतं' ते तीन-चार महिन्यांच्या सुमारास. तोवर डोकं जिकडे कलेल तिकडे कलतं, आणि ते परत वर आणायची ताकद बाळात नसते.

आता आतली बाजू. त्याची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद, शहाळ्याच्या स्ट्रॉएवढी, आणि आपल्यापेक्षा बरीच मऊ. बागेला पाणी घालताना रबरी नळीला मुरड पडली की पाणी कसं अडतं ते आठवा. हनुवटी छातीवर दाबली गेली की बाळाच्या श्वासाच्या वाटेलाही तशीच मुरड पडते. वाट निम्मी अरुंद झाली तर हवा ओढायला लागणारा जोर नुसता दुप्पट होत नाही. बारीक नळीतल्या प्रवाहाच्या नियमाने तो सोळापटीच्या घरात जातो. तान्ह्या बाळाच्या बरगड्या आणि स्नायू तो जोर फार वेळ लावू शकत नाहीत.

शरीराच्या ठेवणीमुळे असा श्वास अडण्याला डॉक्टर 'पोझिशनल अस्फिक्सिया' म्हणतात. नाव एकदा कळलं म्हणजे पुरे. लक्षात ठेवायची खरी गोष्ट वेगळी आहे: यात बाळ रडत नाही. रडायला हवा लागते, आणि इथे तीच कमी पडत असते. बाळ हळूहळू ढेपाळतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती छान झोपलंय!

दुसरा धोका सरळ आहे. बाळाचं नाक-तोंड कापडात किंवा आईच्या अंगात दाबलं जाणं. या वयात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नाक झाकलं गेलं तर एक-दोन मिनिटंही महागात पडतात.

आता त्या सैल झोळीकडे पुन्हा बघा. कापड सैल, म्हणजे बाळ खाली घसरणार. खाली घसरलं की पाठ गोल होणार, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी. पाठ गोल झाली की हनुवटी छातीवर येणार. शिवाय सैल कापडाच्या चुण्या तोंडाशी गोळा होणार. म्हणजे दोन्ही धोक्यांचं मूळ एकच, सैलपणा.

हे कळलं कधी?

अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या २० वर्षांत किमान १४ बाळांचे मृत्यू स्लिंगशी जोडले गेले होते, आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांहून लहान होती. त्याच महिन्यात पिशवीच्या आकाराच्या तब्बल १० लाख झोळ्या एका कंपनीने परत मागवल्या. जानेवारी २००३ ते सप्टेंबर २०१६ या काळात आयोगाकडे १५९ घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या १७ जीवघेण्या होत्या. मग २०१७ मध्ये आयोगाने सक्तीचं मानक मंजूर केलं आणि जानेवारी २०१८ पासून ते लागू झालं.

लाखो झोळ्या वापरात असताना इतक्या घटना, म्हणजे हे रोज घडणारं नाही. घाबरून कापड माळ्यावर टाकायची गरज नाही. पण त्या १४ पैकी १२ हा आकडा मला विसरता येत नाही. पहिले चार महिने, म्हणजे मान न धरलेल्या बाळाचे महिने.

मग बांधायचं कसं?

आपण तान्ह्या बाळाला उराशी कसं धरतो? उभं, पोट आपल्या पोटाला, गाल छातीवर, एक हात पाठीवर, एक बुडाखाली. स्लिंगने एवढंच करायचं आहे. हाताने धरलेली ही स्थिती कापडाने टिकवायची, तिच्यात बदल करायचा नाही.

ब्रिटनमधल्या स्लिंग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या मंडळींनी पाच गोष्टींचा एक नियम केला. तिथे तो 'टिक्स' नावाने ओळखला जातो. त्यातली पहिली गोष्ट हीच: कापड घट्ट हवं, मिठी मारल्याइतकं. मग चेहरा कायम दिसला पाहिजे, नुसती मान खाली घालून, पदर-दुपटं न उचलता. बाळ इतकं वर हवं की मान किंचित झुकवली की त्याच्या डोक्याचा पापा घेता यावा. वाकूनही तोंड पोचत नसेल तर बाळ खाली गेलंय. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये किमान एक बोट मावलं पाहिजे. आणि पाठीला पूर्ण आधार हवा.

पाठीच्या आधाराची परीक्षा सोपी आहे. बांधून झालं की बाळाच्या पाठीवर तळहात ठेवा आणि हलकेच आपल्याकडे दाबा. बाळ आणखी जवळ आलं किंवा त्याची पाठ सरळ झाली, तर कापड तेवढं सैल होतं. ते ओढून घ्या. तळहात दाबूनही काही हललं नाही, तर जमलं.

यात नवीन असं काहीच नाही, हे मला आमच्याच घरात कळलं. काही वर्षांपूर्वी माझी भाची वेळेआधी बाळंत झाली. बाळ दीड किलोच्या आसपास. रुग्णालयातल्या सिस्टरनी तिच्या अंगावर बाळ उभं ठेवलं, दोन्ही पाय बेडकासारखे फाकवून दुमडले, डोकं एका बाजूला वळवलं, आणि हनुवटी बोटाने किंचित वर करून मग कापड करकचून बांधलं. भाची कळवळून म्हणाली, "सिस्टर, एवढं घट्ट?" सिस्टर म्हणाल्या, "घट्ट आहे म्हणून तर मान जागेवर राहील. पोटाला बघा, श्वासाला जागा आहे." खरंच, घट्ट कापडाखालीही बाळाचं पोट सहज वर-खाली होत होतं.

ही कांगारू मदर केअर. १९७८ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण तिथे काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं अंगाशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. अशा बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास अंगाशी ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळ्यात नाजूक बाळांनाही अंगाशी घट्ट बांधतातच, आणि बांधताना मान आधी बघतात.

"पाय फाकवून बांधलं तर फेंगडे होतील ना?"

नाही होणार. बाळाचे पाय जन्मतः थोडे बाकदार असतात आणि चालायला लागल्यावर सावकाश सरळ होतात. बांधण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

उलट काळजी घ्यायची ती खुब्याच्या सांध्याची. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत बसतो. नवजात बाळाची ती वाटी अजून मऊ आणि उथळ असते. गुडघे बुडापेक्षा वर आणि मांड्या बाजूला असतील, तर गोळा वाटीच्या मधोमध राहतो आणि वाटी नीट खोल होत जाते. पाय सरळ करून जुळवून ठेवले, तर गोळा काठाकडे सरकू शकतो. म्हणून समोरून पाहिलं की बाळाचे दोन गुडघे आणि मधलं बूड मिळून इंग्रजी 'एम' दिसायला हवा, आणि कापड एका गुडघ्यामागून दुसऱ्या गुडघ्यामागपर्यंत पोचायला हवं. जांघेत अडकलेल्या अरुंद पट्टीवर पाय लोंबकळत असतील तर तान्ह्या बाळाला तो कॅरिअर बरोबर नाही.

जपानमध्ये पूर्वी तान्ह्या बाळांचे पाय सरळ करून गुंडाळत. १९७५ च्या सुमारास तिथे ते थांबवण्याची देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीनवरून हजारात दोनपर्यंत खाली आलं. आपल्याकडे न्हाऊ-माखू घातल्यावर बाळाला दुपट्यात पाय ताणून आवळून बांधायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. हातापाशी दुपटं नीट बसवा, पण कमरेखाली पाय दुमडता येतील एवढी जागा राहू द्या. घट्ट-सैलचा हिशेब इथे दुपट्याला वेगळा आणि स्लिंगला वेगळा, एवढं ध्यानात असू द्या.

"आमच्या वेळी कुठे होते हे नियम?"

आजी हे म्हणते तेव्हा ती चुकीचं बोलत नाही. आपल्याकडे मूल कडेवर घ्यायची रीत आहे, आणि कडेवरचं मूल कसं बसतं बघा: पाठ उभी, मांड्या आईच्या कमरेभोवती फाकलेल्या, तोंड मोकळं. जवळपास सगळे नियम आपोआप पाळले जातात. शिवाय ते मूल मान धरलेलं असतं. सव्वा महिना तर आई आणि बाळ खोलीतच असत, बाळ पाळण्यात नाहीतर मांडीवर. सहा आठवड्यांचं बाळ पिशवीत घालून चार तास लग्नात फिरायची वेळ आजीवर आली नव्हती.

मात्र आजीच्या काळातली एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे साडीची टांगलेली झोळी. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामावर, शहरातल्या चाळीतसुद्धा ती दिसते. जमिनीवरच्या विंचू-किड्यांपासून बाळ लांब राहावं म्हणून आया ती बांधतात, आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो हे मला कळतं. पण मऊ झोळीत मान न धरलेलं बाळ 'सी'सारखं दुमडतं, तेच नळीच्या मुरडीचं गणित. झोपायला सपाट, कडक जागा मिळत असेल तर तीच द्यावी. झोळी टांगायचीच असेल तर बाळ नजरेआड होऊ देऊ नये आणि मान सतत बघत राहावं.

"अंगाची सवय लागेल"

हे प्रत्येक बाळंतिणीने ऐकलेलं वाक्य. १९८६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथे एक अभ्यास झाला. ज्या आया बाळांना रोज जास्त वेळ अंगावर घेत होत्या, त्यांची बाळं सहा आठवड्यांची असताना ४३ टक्के कमी रडली. त्याच गटाने पुढे पोटशुळामुळे खूप रडणाऱ्या बाळांवरही हा उपाय करून पाहिला, तिथे मात्र फरक पडला नाही. म्हणजे अंगाशी घेणं हे सगळ्या रडण्यावरचं औषध नाही. पण दीड महिन्याच्या बाळाला जवळ घेतल्याने ते बिघडतं, या भीतीलाही काही आधार नाही. नऊ महिने आतच होतं की ते!

आणि हे फक्त आईचं काम नाही. बाबांच्या छातीवर बाळ तितकंच शांत होतं. सिझेरियन झालेल्या आईच्या टाक्यांवर पट्टा दाबला जात असेल, तर पहिले काही आठवडे बाबांनीच बांधलेलं बरं.

कुठे बांधू नये

स्वयंपाकघरात गॅससमोर नाही. तापलेलं तेल, फोडणी, कुकरची वाफ, हातातला चहा, हे सगळं नेमकं बाळाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतं. खाली पडलेली वस्तू उचलायची तर कमरेत वाकू नका, गुडघे दुमडून बसा आणि एक हात बाळाच्या पाठीवर ठेवा.

स्कूटरवर तर मुळीच नाही. पुण्यात मी हे रोज बघते आणि रोज माझा जीव गोळा होतो. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेण्याबद्दल केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढले: चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. स्लिंग म्हणजे तो पट्टा नव्हे. ते चालणाऱ्या माणसासाठी केलेलं कापड आहे. धडक बसली तर बाळ आई आणि हँडलच्या मध्ये सापडतं. हेल्मेटही न पेलणाऱ्या तान्ह्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये.

उन्हाचं वेगळं पथ्य. अंगाशी बांधलं की बाळाला आपली उष्णता मिळते, आणि कापड हा एक कपडाच झाला. एप्रिल-मे मध्ये नागपूर-अकोल्याकडे बाळाला आत एक पातळ सुती झबलं पुरे. हातपाय नाही, मानेची मागची बाजू चाचपा. ती घामेजली असेल तर बाहेर काढा. ऊन लागतं म्हणून चेहऱ्यावर पदर ओढण्यापेक्षा छत्री धरा किंवा ऊन उतरल्यावर निघा.

दूध पाजताना अनेक जणी कापड सैल करून बाळाला आडवं घेतात. पाजून झाल्यावर तसंच झोपू दिलं जातं, आणि धोका तिथे येतो. पाजणं संपलं की बाळ पुन्हा उभं, वर, घट्ट. चेहरा बाहेरच्या बाजूला करून बसवायची घाईही नको. मान आणि पाठ पक्की झाल्याशिवाय, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आधी नाही.

आधी डॉक्टरांना विचारावं असं बाळ

वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं, जुळ्यांतलं, किंवा सर्दीने नाक चोंदलेलं बाळ असेल तर बांधण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅरिअरवर किमान वजन लिहिलेलं असतं, तेही वाचा. बाळ तेवढं नसेल तर थांबा.

आणि बांधलेल्या बाळाच्या श्वासाला घुरघुर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, कण्हल्यासारखं वाटत असेल, रंग करडा-निळसर दिसत असेल, किंवा ते नेहमीपेक्षा जास्त लुळं, हलवूनही न उठणारं वाटत असेल, तर गाठ सोडत बसू नका. कापड ओढून काढा, बाळाला सपाट जागी पाठीवर ठेवा. ते लगेच पूर्ववत झालं नाही तर १०८ ला फोन करा.

लग्नातल्या त्या सुनेला मी घरी गेल्यावर एक काम सांगितलं होतं. तीन किलो तांदूळ एका मऊ पिशवीत भरायचे, पिशवी वरून बांधायची, आणि पलंगासमोर आरशात बघत ती बाळासारखी बांधायची. दोन दिवसांनी तिचा फोन आला. पहिल्या वेळी तिने सवयीने सैल बांधलं, घरभर दोन फेऱ्या मारल्या, आणि आरशात पाहिलं तर पिशवी बेंबीपर्यंत उतरून मधोमध मुडपली होती. "आत्या, वरचा भाग सगळा खालच्यावर वाकला होता," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबली. मग तिने कापड वितभर ओढून घेतलं आणि पुन्हा चालून पाहिलं. या वेळी पिशवी जिथल्या तिथे राहिली. आता सासूबाईंना आरशासमोर उभं करून तेच दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं.